अर्धा दात

२००४ सालची गोष्ट. डब्लिनमधल्या माझ्या दातांच्या क्लिनिकमध्ये चक्क डार्ला प्रुइट आली. कंट्री, म्हणजे अमेरिकेतली गावाकडची गाणी गाणारी, केवढी मोठी स्टार! माझ्या लेकीच्या, अनुष्काच्या खोलीत तिचं पोस्टर होतं, पुढचा अर्धा तुटका दात दाखवत हसणारं.

"थंड हवा लागली तरी कळ मस्तकात जाते," ती म्हणाली. "दहा वर्षांची असताना हातपंपाचा दांडा लागून तुटला. आम्ही ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या पत्र्याच्या घरात राहायचो. डेंटिस्टकडे जायची ऐपत नव्हती."

"मग आता काय अडचण? मस्त कॅप बसवू."

तिच्याआधी सोबत आलेला तिचा मॅनेजरच बोलला. "कॅप नको. दुखणं तेवढं थांबवा. हा दात बघून लोक सीडी घेतात. तो कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे."

मी नुसतं औषध लावलं. ती निघताना मात्र मला राहवलं नाही, अनुष्कासाठी एक फोटो मागितलाच. डार्ला माझ्याशेजारी उभी राहून ओठ मिटून हसली.

"डार्ला, दात!" कॅमेरा धरलेला मॅनेजर ओरडला.

तिने लगेच दात दाखवला. फ्लॅश पडला. मग ती माझ्या कानाशी हळूच म्हणाली,



"डॉक्टर, गरीब होते तेव्हा तो निदान लपवता तरी यायचा."