पितरांची दारू

पाळी येणाऱ्या बाईने पितरांच्या दारूला हात लावायचा नाही, ही गुतू गावची रीत. म्हणून सेकाई यंदाही दारूच्या चुलीपासून लांबच बसली होती. नवऱ्याची आत्या ढवळायचा लाकडी डाव घेऊनच दम खायला तिच्याजवळ टेकली.

“आत्या, चार महिने झाले, पाळी नाही,” सेकाई कुजबुजली. “या थंडीतही घामाने भिजते. झोप नाही, उगाच रडू येतं. तीच लक्षणं ना?”

“तीच गं बाई.”

सेकाईचा हात पोटावर गेला. “वीस वर्षं वाट बघितली. नाव तुम्हीच ठेवायचं हं!”

पोटावरचा तो हात आत्याने अलगद उचलला आणि त्यात डाव दिला. चुलीभोवतीच्या म्हाताऱ्या बायकांनी सरकून सेकाईला जागा करून दिली.