डोळे उघडणारे मास्तर

"मास्तर, काकूंचा फोटो हाय माझ्याकडं."

अण्णाराव मास्तरांचा ब्रश घसरला आणि फोटोतल्या होटगीच्या एका म्हाताऱ्याच्या भुवईवर काळा ठिपका पडला. दारात चन्नवीर उभा होता. पाच वर्षांत त्यानं या दुकानाची पायरी चढली नव्हती. हाच माणूस त्यांच्या हाताखाली फोटोग्राफी शिकला, त्यांच्या बायकोच्या, काशम्माच्या हातचं सहा वर्षं जेवला आणि एके दिवशी रस्त्याच्या पलीकडे स्वतःचा स्टुडिओ थाटून बसला. मास्तरांची निम्मी गिऱ्हाइकं त्यानं पळवली. तेव्हापासून मास्तरांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

"कुठल्या काकूंचा?"

"आपल्या काशम्माकाकूंचा."

"खोटं बोलू नकोस. तिचा जिवंतपणीचा फोटोच नाही."

निदान मास्तरांना तरी तसंच ठाऊक होतं. अठ्ठावन्न साली लग्न झालं तेव्हा गावाकडं कॅमेरा कुठला? पुढच्या सोळा वर्षांत त्यांनी तिला दोन-तीनदा स्टुडिओत बोलावलं. "माझा कसला फोटो काढताय!" म्हणून तिनं ते हसण्यावारी नेलं. गेल्या श्रावणात तिला कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली. फोटो निघाला तो गेल्यावरच. त्यांच्या समाजात मृताला बसवून नेतात. तशी तिला बसवली होती, कपाळभर विभूती, गळ्यात माळा, डोळे मिटलेले.

आता मिटलेले डोळे उघडणं हाच तर मास्तरांचा हातखंडा. ज्यांचा जन्मात फोटो निघाला नाही अशा कितीतरी म्हाताऱ्याकोताऱ्यांचा पहिला आणि शेवटचा फोटो असा बसवल्यावरच निघायचा. घरचे तो घेऊन मास्तरांकडे यायचे आणि मास्तर बारीक ब्रशानं त्यावर उघडे डोळे रंगवायचे. पण त्याआधी गिऱ्हाइकाला समोरच्या स्टुलावर बसवायचे, कानामागची पेन्सिल काढायचे आणि विचारायचे, "डोळे कसे होते?" मोठे होते, चांगले होते, असल्या उत्तरांवर त्यांचं भागायचं नाही. रागावल्यावर कुठं बघायची? हसताना डोळे बारीक व्हायचे का? मग माणूस बोलायला लागायचा, बोलता बोलता रडायचा, आणि मास्तरांना हवे ते डोळे मिळायचे.

काशम्मा गेल्यावर पाचव्या दिवशी ते दुकानात येऊन बसले. लोक म्हणाले, काय दगडाच्या काळजाचा माणूस आहे! लोकांना काय कळतंय? ब्रश हातात असेल तेवढा वेळच त्यांना धड श्वास घेता यायचा. दुसऱ्याची आई, दुसऱ्याचा बाप कागदावरून पुन्हा बघायला लागला की त्यांचंही दुःख घटकाभर हलकं व्हायचं. काशम्मा तेवढी काही केल्या बघत नव्हती. सहा महिन्यांत त्यांनी तिचे अकरा प्रिंट बिघडवले. डोळे रेखीव यायचे, पण तिचे यायचे नाहीत. एकदा तर मोडनिंबच्या कुणा व्यापाऱ्याच्या आईचे आले. मास्तर कागदाला शिव्या द्यायचे, ब्रशाला द्यायचे. पंधरा वर्षं ज्या हातानं घर चालवलं त्यानंच ऐन वेळी दगा दिला, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

आणि आता हे.

"कधी काढलास?"

"आषाढाच्या शेवटाला. एकट्याच आलत्या. मास्तरास्नी सांगू नको म्हणाल्या."

मास्तरांनी ब्रश खाली आपटला. नवऱ्याला नाही म्हणायचं आणि त्याच्या पोटावर पाय आणणाऱ्याच्या कॅमेऱ्यापुढं जाऊन बसायचं! गेलेल्या माणसावर रागावू नये हे त्यांना कळत होतं, तरी ते रागावले. सहा महिने आपण झुरलो ते असल्या बाईसाठी?

"आणि तू इतके दिवस लपवून ठेवलास?"

"मयताला आलो तर दारातनंच हाकललंत की मला. आज कसाबसा धीर केला."

"दे इकडं."

चन्नवीरनं पाकीट पुढं केलं. मास्तरांनी फोटो बाहेर काढला. ठेवणीतलं इरकली लुगडं, केसांत फुलं, ओठांत दाबून धरलेलं हसू. आणि डोळे मिटलेले. चांगले घट्ट, मुद्दाम मिटलेले.

"बिघडवलास!" मास्तर ओरडले. "डोळे मिटल्यावर बटण दाबतात होय रे? हेच शिकवलं मी तुला?"

"चारदा सांगितलं, काकू डोळे उघडा म्हणून. ऐकतील तर!" चन्नवीर मान खाली घालून म्हणाला. "म्हणाल्या, 'आमचे मालक समद्या जगाचं डोळं उघडत्यात. माझ्याकडं बघायला मातूर त्यास्नी येळ न्हाई. हा फोटो ठिवते त्यांच्या म्होरं. बघू तरी, माझं डोळं ध्यानात हायत का.' दोन दिसांनी न्यायला येते म्हणाल्या. मग आजारीच पडल्या की."

मास्तरांनी फोटो समोर ठेवला. त्यांनी काशम्माला आठवून बघितलं. भाकरी थापणारे तिचे हात आठवले. ताट वाढल्यावर हाक मारायची तो आवाज आठवला. दुकानाला निघताना ती रोज दारापर्यंत यायची, तेही आठवलं. तिथं उभी राहून ती त्यांच्याकडं कशी बघायची, ते मात्र आठवेना. हाताचा काही दोष नव्हता.

त्यांनी गिऱ्हाइकाचं स्टूल पुढं ओढलं.

"बस," ते चन्नवीरला म्हणाले आणि त्यांनी कानामागची पेन्सिल काढली.

"डोळे कसे होते रे तिचे?"