शेवटच्या कडव्यातलं नाव

“काका, साडेसहा ते पावणेसात. तेवढा पाव तास थांबा, मग खुशाल बडवत बसा!” गच्चीच्या दारात उभी राहून जुईली म्हणाली.

गेणबानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जुईली त्याची भाडेकरू. दुसऱ्या मजल्यावर राहायची, हिंजवडीतली रात्रपाळी उरकून सहाला घरी यायची. तीन आठवडे झाले, पोरगी रोज हेच गाऱ्हाणं घेऊन वर येत होती. पण गेणबाच्या गाण्याच्या तालमीला दुसरी वेळच नव्हती. साडेसातला तुणतुणेवाल्या भैरूला कंपनीच्या गेटवर उभं राहायचं असे, आठला ढोलकीवाल्या इस्माईलला किराणा दुकान उघडायचं असे.

“झोपताना कानात कापूस घाल की, पोरी,” गेणबा म्हणाला.

“झोपतंय कोण इथं!” असं म्हणत ती पाय आपटत खाली गेली.

“लई तापली,” भैरू हसला. त्यानं आपली टोपी कठड्याच्या तारेवर अडकवली. ती तार जुईलीच्या खिडकीतून वर आली होती. कपडे वाळत घालायला बांधली असेल, असं समजून तिघंही तिच्यावर टॉवेल, पिशव्या, काय वाट्टेल ते टांगायचे. मग भैरूनं तुणतुणं छेडलं, इस्माईलनं ढोलकीवर थाप मारली आणि अख्खी इमारत दणाणली.

एवढा आटापिटा होता तो गच्चीवरच्या खोलीसाठी. शेतात इमारती उभ्या राहिल्यापासून नेरे गावात तालमीला म्हणून ही एकच जागा उरली होती. तीही भाड्यानं द्यायची, असं गेणबाचा मुलगा किशोर सारखा टुमणं लावत होता. शेवटी गेणबाच्या बायकोनं, सारजाबाईनं, बापलेकांत तोड काढली. महिनाअखेरपर्यंत गेणबाचं गाणं रेडिओवर वाजलं, तर खोली कायमची गेणबाची. नाही वाजलं, तर एक तारखेला भाडेकरू.

“वाजंल की! न वाजायला काय झालं?” गेणबा ऐटीत म्हणाला होता.

पण रेडिओवाले कुठले ऐकायला! पुण्यात पहिल्या ठिकाणी सांगितलं, आम्ही फक्त हिंदी वाजवतो. दुसऱ्या ठिकाणी एका तरण्या पोरानं अर्धी ओळ ऐकली आणि विचारलं, “यात बीट कुठंय, अंकल?” तिसऱ्या ठिकाणी, दोन तारखेला, तिथल्या बाईंनी निदान पेनड्राइव्ह तरी ठेवून घेतला.

“यावर नाव आणि नंबर चिकटवा ना,” बाई म्हणाल्या.

गेणबाला हसू आलं. “नाव गाण्यातच हाय, बाई. शेवटच्या कडव्यात. आमच्यात तसंच असतंय. माझ्या आज्यानं कधी कागदावर नाव लिवलं न्हाई, पर मुळशीत पोरंसोरं वळखायची त्याला.”

गाणं त्याचं स्वतःचं होतं. ‘चिखलात उभी लक्षुमी, हिरवा पदर खोचून’ असं भातलावणीचं वर्णन, आणि शेवटाला ‘गेणबा म्हणे’.

त्या दिवसापासून इस्माईलच्या दुकानात रेडिओ लागला, तो दुकान उघडल्यापासून कुलूप पडेपर्यंत. गेणबा तांदळाच्या पोत्यावर कान टवकारून बसायचा. साबणाच्या जाहिराती पाठ झाल्या, हवामान पाठ झालं, गाणं काही लागेना. मधे एकदा तो पुन्हा पुण्याला जाऊन आला. भेटीची वेळ ठरलेली नाही म्हणून फाटकावरूनच परत पाठवलं. फोन केला, तर आपण रांगेत आहात म्हणे.

“पिकतं तितं इकत न्हाई, गेणबा,” इस्माईल म्हणाला.

“गप रं. पयलं वाजलं की लगीच दुसरं धाडायचंय. ते नीट बसवा आदी.”

आणि तिघं नव्या जोमानं रोज सकाळी सहा ते सात ते दुसरं गाणं बडवत राहिले.

महिना मात्र कुणासाठी थांबला नाही. शेवटच्या दिवशी सहाला किशोर किल्ली न्यायला वर आला. त्यालाही बापाचं तोंड बघवेना.

“आबा, पायजे तर अजून आठ दिवस...”

“न्हाई. शबुद म्हंजी शबुद.”

इस्माईलनं ढोलकीला गवसणी घातली. भैरूनं तुणतुणं टॉवेलात गुंडाळलं, तारेवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली. गेणबानं खोलीला कुलूप लावलं. साठ वर्षांच्या माणसानं रडायचं कसं, म्हणून तो उगाच खाकरला. महिन्यात पहिल्यांदाच साडेसहाला गच्ची चिडीचूप होती.

चौघं जिना उतरू लागले. दुसऱ्या मजल्यावर जुईलीचं दार उघडं होतं. आत खिडकीत एक जुना रेडिओ होता, आणि गच्चीवरून आलेली ती तार त्याच्या एरियलला गुंडाळलेली होती.

“काका, आज तालीम नाही?” तिनं हरखून विचारलं आणि लगेच ओठांवर बोट ठेवलं. “श्श! लागलं बघा.”

चिखलात उभी लक्षुमी, हिरवा पदर खोचून...

गेणबाचा पाय पायरीवरच थिजला. किशोरच्या हातातली किल्ली खाली पडली. ढोलकी घुमत होती, तुणतुणं बोलत होतं, आणि शेवटचं कडवं सुरू होणार तेवढ्यात गाणं हळूहळू विरलं.

“श्रोत्यांच्या आग्रहावरून सलग पंचविसाव्या सकाळी हे गाणं,” निवेदिका सांगत होती. “गाणारे कोण, आम्हाला अजूनही माहीत नाही. कुणी ओळखत असाल, तर कृपा करून कळवा.”

जुईलीनं समाधानानं सुस्कारा सोडला.

“आज कुठं धड ऐकू आलं! राग मानू नका, काका, पण गाणं शिकायचंच असेल ना, तर या माणसाकडून शिका.”