वाचवलेलं मैदान

निवडणूक जिंकल्याचा चहा सभागृहात रंगला होता. "मैदान वाचवा" समितीचा क्लाइव्ह कौन्सिलर झाला म्हणून हिल्डानं हिरव्या साखरेनं मैदान काढलेला केक आणला होता. मैदानावर श्रीमंतांचे बंगले उठणार असं दारोदार सांगत तीच फिरली होती. क्लाइव्हनं तोंडात केक कोंबला. "बंगले कसले, हिल्डाबाई! ती नुसती हूल. कौन्सिलची, गरिबांसाठी स्वस्त भाड्याची घरं होणार होती. असले फुकटे शेजारी आले असते, तर आपल्या घरांना कुत्र्यानंही विचारलं नसतं!" सगळे खिदळले. हिल्डाची लेक तान्हं पोर घेऊन ओल आलेल्या खोलीत राहत होती, अशाच घरासाठी कौन्सिलकडे नाव नोंदवून. हिल्डानं क्लाइव्हच्या हातातली बशी ओढली, उरलेला केक उचलला आणि सगळं कचऱ्याच्या डब्यात उपडं केलं. "अहो, हे काय?" "फुकट्यांच्या घरचा आहे," ती म्हणाली. "बाधेल तुम्हाला."