पाच छर्रे

धर्मेशला नेमबाजी शिकायची होती. त्यासाठी स्वस्तातली स्प्रिंगची एअर रायफल घ्यायला तो शांती नगरातल्या दुकानात गेला. पोरगा उगाच महागाची उचलेल, म्हणून पेणकरपाड्याहून त्याची आई पार्वतीही सोबत आली होती.

दुकानदाराने नवशिक्यांची एक हलकी रायफल काढली, तिच्यावर छोटी दुर्बीण बसवली आणि मागच्या लांब खोलीत कागदी निशाण लावलं. “घट्ट आवळू नका. स्प्रिंग झटका देते, तो देऊ द्या तिला.”

धर्मेशने तरी आवळलीच. एक छर्रा मधोमध बसला, बाकीचे चार कागदभर पांगले. तो खूश झाला. “आई, तू पण मार ना!”

पार्वतीने पदर खोचला आणि रायफल अलगद तळहातावर टेकवली. तिचे पाचही छर्रे खाली डाव्या कोपऱ्यात गेले.

“बग, मधी एक पन न्हाय. माजं काम न्हाय हे,” ती हसत म्हणाली.

दुकानदाराने मात्र तिच्या कागदावर एक रुपयाचं नाणं ठेवलं. पाचही भोकं त्याखाली झाकली गेली.

“मावशी, दुर्बीण मीच वाकडी लावली. दोन स्क्रू फिरवले की ती सरळ होईल. पण सगळे छर्रे एकाच जागी मारणारा हात माझ्या दुकानात मिळत नाही.”

धर्मेशने दोन्ही कागद शेजारी धरून पाहिले.

“बिल पार्वती म्हात्रेंच्या नावाने करा,” तो म्हणाला. “आई, मला पण देशील ना अधूनमधून?”