समोरची टपरी

लुआमावशी डोंगरातल्या गावाहून लेकीकडे हनोईला आल्या आणि पहिल्याच रस्त्याच्या कडेला खिळून उभ्या राहिल्या. समोरच्या टपरीवर गरमागरम फोचे, म्हणजे नूडल्सच्या सूपचे, दोन वाडगे मागवून लेक रस्त्यापलीकडून ओरडली, "आई, सरळ चालत ये! थांबू नकोस, मोटरसायकली आपोआप चुकवतात!"

"घरची म्हैस मला चुकवत नाही, ह्या कुठल्या चुकवतात!"

शेवटी मावशींनी भाड्याची मोटरसायकल थांबवली.

"कुठं सोडू, मावशी?"

"समोर."

रस्ता एकेरी, त्यामुळे फेरा चांगलाच मोठा पडला. मावशी टपरीशी उतरल्या तोवर फो गारढोण झाला होता.

"मग, कसं वाटलं हनोई?" लेकीने हसू दाबत विचारलं.

"चांगलंय. पण रस्ते किती रुंद गं तुमचे! ओलांडता ओलांडता मध्ये एक तळं अन् दोन बाजार लागले."