केतकीची बातमी

केतकीचं दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले आणि हेमलता-भास्कर आपल्या मुलीवरून भांडले.

"विरोधकांनी दगड घातला तिच्या डोक्यात," भास्कर म्हणाला.

"तुमच्याच पक्षाच्या पोरांनी घातला. मी पाहिलंय!"

दोघांनीही पाहिलं होतं, आपापल्या फोनवर. बातमी आता माणसागणिक वेगळी तयार व्हायची. ज्याला जे पटेल, तेच फोनमधलं यंत्र त्याला दाखवायचं, अगदी चेहऱ्यांसकट.

हेमलता गोऱ्हेसरांकडे गेली. शहरातलं शेवटचं दैनिक त्यांचं होतं. ते बंद पडूनही बरीच वर्षं झाली होती.

"सर, केतकी गेली त्या सभेच्या दिवशी चौकात कुणी बातमीदार होता का हो?"

"नाही, ताई. आता कुणी जातच नाही."

"मग खरं काय झालं, ते कुणाला माहीत?"

सरांनी मान खाली घातली. "मारणाऱ्याला."

घरी भास्कर दारातच उभा होता. त्याचा आवाज पार बसला होता.

"दगड कुणीही मारलेला असू दे, हेमा. पण माझ्या बातमीत एक बाई केतकीचं डोकं मांडीवर घेते, पाणी पाजते. तुझ्या बातमीत आहे ना गं ती?"

हेमलताच्या बातमीत केतकी भर उन्हात एकटीच पडली होती.

"आहे," ती म्हणाली. "शेवटपर्यंत होती तिच्याजवळ."

भास्कर उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडला. त्याच्या पाठीवरून हात फिरवताना हेमलताला वाटलं, आपल्यालाही हे कुणीतरी सांगायला हवं होतं.